व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावे?

(प्रौढांसाठी श्रद्धाशिक्षण)



कुटुंब नोंदणीचा फॉर्म भरताना एका रकान्यापाशी बऱ्याच जणांचे पेन थांबते. तो रकाना म्हणजे ‘व्यवसाय’. शेतकरी, शिक्षिका, नर्स, रिक्षाचालक, बँकेत नोकरी, आखातात नोकरी हे सगळे एका दमात लिहिले जाते. पण घरबसल्या मोबाईलवरून ड्रेस, साड्या, चपला, इमिटेशनचे दागिने विकणारी भगिनी तिथे ‘गृहिणी’ लिहिते, आणि तेच काम करणारा पदवीधर तरुण नुसती आडवी रेघ ओढतो. विचारले तर उत्तर ठरलेले असते: “फादर, ते काही काम नाही. सध्या तरी करतोय.”

हे ‘सध्या तरी’ अनेकांच्या बाबतीत २०२० च्या टाळेबंदीत सुरू झाले. कुणाची नोकरी गेली, कुणाचा पगार अर्ध्यावर आला, कुणाला मुलांच्या ऑनलाईन शाळेमुळे घर सोडता येईना. हातात मोबाईल होता, नातेवाईकांचे आणि शेजाऱ्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप होते. त्यावर फोटो टाकले, चार ऑर्डरी आल्या, धंदा सुरू झाला. त्याला आता पाच वर्षे उलटून गेली. पंचविशीतला मुलगा तिशीत आला. पहिलीतले मूल माध्यमिक शाळेत गेले. पाच वर्षे जे आपण रोज करतो त्याला ‘काही काम नाही’ म्हणायचे, तर त्या पाच वर्षांना काय म्हणायचे? लोक माझ्याकडे धंद्याविषयी विचारायला येत नाहीत, आणि ते बरेच आहे, कारण त्यातले मला फारसे कळत नाही. ते येतात ते या दुसऱ्या प्रश्नासाठी. माझे आयुष्य कुठे चालले आहे? हे सोडून दुसरे काही करावे का? देवाला माझ्याकडून काही वेगळे हवे होते का? आजच्या लेखात या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार करू या.

टोपली आणि कॅटलॉग

आपल्या वसईला विकणे नवे नाही. आपल्या आज्या-पणज्या वाडीतली भाजी, फुले, केळी, पानवेलीची पाने टोपलीत घालून पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जात. त्या कमाईवर इथली घरे उभी राहिली, मुले शिकली, काही मुले धर्मगुरू आणि मुली धर्मभगिनीही झाल्या. त्या बायांना कुणी विचारले असते की तुझ्या जीवनाची दिशा काय, तर त्या हसल्या असत्या. गाडी चुकू नये एवढीच त्यांना चिंता होती. पण त्यांच्या टोपलीत एक गोष्ट होती, जी आजच्या कॅटलॉगमध्ये नाही. टोपलीतला माल त्यांनी स्वतः पिकवलेला होता. तो विकताना त्या आपलेच श्रम विकत होत्या.

आजची रिसेलिंग म्हणजे पुनर्विक्री करणारी व्यक्ती बहुधा दुसऱ्याने बनवलेला, तिसऱ्याने पाठवलेला माल चौथ्याला विकते. कुणी सुरतेहून साड्या, उल्हासनगरहून जीन्स आणून घरात साठा करतात. कुणी वापरलेले पाळणे, सायकली, पुस्तके घेतात, स्वच्छ करतात आणि पुन्हा विकतात. पण सर्वांत मोठी संख्या आहे ती फोटो पुढे पाठवून वर आपले मार्जिन लावणाऱ्यांची. माल कंपनीच्या गोदामातून परस्पर ग्राहकाकडे जातो. विकणाऱ्याने तो डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. बंगळुरूमध्ये २०१५ साली सुरू झालेली मीशो ही कंपनी याच पद्धतीने घराघरांत पोहोचली. पुढे ग्राहक तेच अॅप स्वतःच्या मोबाईलवर उघडून थेट मागवू लागले. मग ज्या बहिणीने ३५० रुपयांच्या ड्रेसवर ७० रुपये लावले होते, तिला शेजारीण विचारू लागली, “अगं, अॅपवर तर हा ३५० लाच दिसतोय!”

शेजारणीचा हा प्रश्न वरवर भावाचा आहे, पण तो नीट ऐकला तर फार खोल जातो. तू मध्ये उभी राहून नेमके काय दिलेस? तो प्रश्न अपमान म्हणून घेतला तर शेजार तुटेल. प्रश्न म्हणूनच घेतला तर त्यातून बरेच काही सापडेल. आणि गंमत म्हणजे हाच प्रश्न ख्रिस्तसभेत साडेसातशे वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत विचारला गेला आहे.

संत थॉमस काय म्हणतात

ख्रिस्तसभेत व्यापाऱ्यांविषयी एक जुना संशय आहे. आम्ही धर्मगुरूही त्याला थोडे जबाबदार आहोत. प्रभू येशूने मंदिरातून विक्रेत्यांना हाकलले, हा प्रसंग आला की प्रवचनात बिचाऱ्या सगळ्या दुकानदारांची एकदम झडती होते! मध्ययुगात संत जॉन ख्रिसोस्तोम यांच्या नावावर मत्तयच्या शुभवर्तमानावरचे एक भाष्य वाचले जाई. ते त्यांचे नव्हते, हे पुढे अभ्यासकांनी दाखवले. त्यात असे मत मांडले होते, की एखादी वस्तू विकत घेऊन तिच्यात काहीही बदल न करता तशीच्या तशी जास्त किमतीला जो विकतो, तोच मंदिरातून हाकललेला व्यापारी. म्हणजे मत स्पष्ट होते: कापड आणून शिवलेस तर चालेल, कापड आणून कापडच विकलेस तर पाप. या हिशेबाने आपल्या धर्मग्रामातली निम्मी व्हॉट्सअॅप दुकाने आज बंद करावी लागतील.

संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, ७७ व्या प्रश्नात, खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार केला आहे. त्याचा चौथा उपप्रश्न अगदी आपला आहे: घेतलेली वस्तू जास्त किमतीला विकणे योग्य आहे का? थॉमस आधी वरचे मत प्रामाणिकपणे मांडतात आणि मग उत्तर देतात. नफा ही गोष्ट स्वतःहून चांगलीही नाही आणि वाईटही नाही. तो कशासाठी, यावर त्याचे मोल ठरते. घर चालवण्यासाठी, गरजूंना मदत करण्यासाठी, लोकांना लागणाऱ्या वस्तू त्यांच्यापर्यंत पोहोचाव्यात म्हणून माफक नफा घेतला आणि तो आपल्या श्रमांचा मोबदला म्हणून घेतला, तर व्यापारात दोष नाही. वस्तू बदलली नाही तरी हरकत नाही. जागा बदलली, वेळ बदलली किंवा वस्तू इकडून तिकडे नेण्याचा धोका विक्रेत्याने पत्करला, तर किंमत वाढू शकते.

आता शेजारणीच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. तुम्ही काय दिलेत? कदाचित तुम्ही तिच्या सासूबाईंसाठी माप विचारून घेतलेत, ज्यांना अॅप उघडता येत नाही. कदाचित ‘या विक्रेत्याचे कापड पहिल्या धुण्यात रंग सोडते’ हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक आहे आणि तुम्ही ते सांगितलेत. कदाचित पार्सल चुकीचे आल्यावर परत पाठवण्याची कटकट तुम्ही अंगावर घेतलीत, ग्राहकाचे पैसे परत येईपर्यंत पाठपुरावा केलात. हे सगळे श्रम आहेत. त्यांचे ७० रुपये घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. पण यातले काहीच केले नसेल, नुसता फोटो पुढे ढकलला असेल आणि समोरच्याला अॅप ठाऊक नाही एवढ्याच जोरावर ७० रुपये घेतले असतील, तर ते कशाचे घेतले? याचे उत्तर ज्याचे त्याने द्यायचे आहे.

त्याच ७७ व्या प्रश्नात थॉमस आणखी दोन बारीक गोष्टी सांगतात. पहिली अशी, की विकत घेणाऱ्याची निकड ही विकणाऱ्याची मालमत्ता नाही. परवा लग्न आहे, ड्रेस आजच हवा आहे, म्हणून त्याच ड्रेसचे दुप्पट पैसे लावणे म्हणजे जे आपले नाही ते विकणे. दुसरी गोष्ट दोषांची. एकाक्ष घोडा विकताना त्याला एक डोळा नाही हे सांगावे लागत नाही, कारण ते दिसतेच. पण जो दोष दिसत नाही आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल, तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. फोटोवरून होणाऱ्या विक्रीत जवळजवळ प्रत्येक दोष न दिसणाराच असतो! म्हणून मोबाईलवर विकणाऱ्याची जबाबदारी बाजारात मांडून बसलेल्यापेक्षा जास्त आहे. ‘फोटोत होते तसे आहे’ असे सांगण्याआधी निदान एक नग स्वतः मागवून पाहणे हा त्या जबाबदारीचा भाग आहे, असे माझे मत आहे.

देशाचा कायदाही आता याच वाटेने चालतो. ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांनी २०२० पासून विक्रेत्याला स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालाची खोटी स्तुती लिहिण्यास मनाई केली आहे. सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घेण्याचे बंधनही आहे. जाता जाता हेही सांगून ठेवतो, की बाजार-अॅपवर स्वतःचा माल विकायचा तर पूर्वी उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना, उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर, त्याऐवजी नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येते. अनेक बहिणींना हे ठाऊक नसल्याने त्या दुसऱ्याच्या नावावर खाते चालवतात. तसे करू नये.

किती पुरे?

श्रमांचा मोबदला असे म्हटले, की श्रम मोजावे लागतात. इथे बहुतेक जण थांबतात. उदाहरणादाखल एक महिना धरू. ४० ऑर्डरी, प्रत्येकी ६० रुपये मार्जिन. त्यातल्या ८ परत आल्या. उरल्या ३२, म्हणजे १,९२० रुपये. मोबाईलच्या रिचार्जचे ३०० वजा केले तर १,६२०. आता वेळ. फोटो निवडणे, पाठवणे, “कलर कोणता आहे?” याला दहा वेळा उत्तर देणे, पार्सल कुठपर्यंत आले ते पाहणे, यात दिवसाचे तीन तास जातात. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८ तास. तासाला सुमारे २१ रुपये झाले.

हा आकडा मी कुणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. कारण हाच आकडा दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. एका घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे. सुनेला दोन तासही घर सोडता येत नाही. तिला हे १,६२० रुपये कुणापुढे हात न पसरता मिळतात. त्यातून ती मुलीच्या क्लासची फी भरते, आणि दिवसभरात बाहेरच्या चार माणसांशी तिचे बोलणे होते, याची किंमत तर या हिशेबात धरलेलीच नाही. त्या घरात हे काम म्हणजे खिडकी आहे. दुसऱ्या घरात बी. कॉम. झालेला मुलगा आहे. एका मुलाखतीत नकार आल्यापासून त्याने कुठे अर्ज केलेला नाही. कुणी विचारले तर ‘बिझनेस करतो’ असे सांगता येते, म्हणून तो हे करतो. त्याच्यासाठी तेच १,६२० रुपये म्हणजे आडोसा आहे. काम एक, आकडा एक, पण एकीचे पाऊल पुढे पडते आहे आणि दुसरा लपून बसला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक दिसणार नाही. धर्मगुरूलाही दिसणार नाही. तो आतूनच पाहावा लागतो.

उलट टोकाचीही माणसे आहेत. त्यांचा धंदा चांगला चालला आहे आणि त्यांना थांबता येत नाही. अॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात मिळवण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक घरासाठी मिळवणे. त्याला आपोआप मर्यादा असते, कारण घराच्या गरजा मोजता येतात. दुसरे पैशासाठी पैसा मिळवणे. त्याला शेवटच नाही. तो चपलेचे उदाहरण देतो: चप्पल पायात घालता येते आणि बदल्यात देताही येते, पण ती बनवली गेली घालण्यासाठी. सेमिनरीत हे वाचताना आम्हा मुलांना ते फार कोरडे वाटले होते. रात्री साडेअकराला जेवणाच्या टेबलावर पार्सलचे ढीग आणि मुले शेजारी झोपी गेलेली, असे घर पाहिले की ते कोरडे वाटत नाही. आमोस संदेष्ट्याने (अध्याय ८) आपल्या काळच्या व्यापाऱ्यांना जे सुनावले, त्यातली पहिली तक्रार खोट्या मापांचीही नाही. शब्बाथ कधी संपतो आणि धान्य कधी विकायला काढतो, अशी त्यांना घाई झाली होती, ही पहिली तक्रार आहे. मिस्सा चालू असताना खिशात थरथरणारा फोन हा त्याच वर्गातला. घराला महिन्याला किती लागते, हा आकडा नवरा-बायकोने बसून एकदा कागदावर लिहावा. आकडा लिहिला की त्याच्यापलीकडे जे मिळते त्याच्याविषयी वेगळा निर्णय घेता येतो. लिहिला नाही तर तो दर महिन्याला गुपचूप वाढतो.

पायाचे हाड मोडलेला सरदार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सोडावे की धरावे, वाढवावे की कमी करावे, हे ओळखायचे कसे? सध्या मोबाईलवर याची पुष्कळ उत्तरे मिळतात. मनाला जे आवडते तेच करा, जग मागे येईल, असे सांगणारे व्हिडिओ आमचे तरुण मला पाठवतात. मनाला आवडते ते नेमके कोणते, हेच कळत नाही म्हणून तर माणूस विचारतो आहे!

संत इग्नेशियस लोयोला हे १५२१ साली पांप्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने जखमी झाले. पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात कित्येक महिने अंथरुणावर पडून होते. वेळ घालवण्यासाठी त्यांनी शौर्यकथा मागितल्या. घरात मिळाले ते ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. मग ते आळीपाळीने दोन प्रकारची स्वप्ने रंगवू लागले. कधी एका थोर स्त्रीची मर्जी संपादन करण्याची, कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखे होण्याची. रंगवताना दोन्ही गोड वाटत. फरक नंतर पडे. पहिले स्वप्न सरले की मन कोरडे, उदास राही. दुसरे सरल्यावरही आनंद टिकून राही. एके दिवशी त्यांच्या हा फरक लक्षात आला, आणि तिथून त्यांची आत्म्यांची पारख सुरू झाली. लक्षात घ्या, त्यांना आकाशवाणी झाली नव्हती. त्यांनी फक्त नंतर उरणाऱ्या चवीकडे लक्ष दिले.

पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये मान्यता दिलेल्या त्यांच्या ‘अध्यात्म साधना’ या छोट्या पुस्तकात आपल्या विक्रेत्यांना लागू पडणाऱ्या कितीतरी गोष्टी आहेत. मी तीन सांगतो.

पहिली. मन उदास, कोरडे असताना आधी केलेला निर्णय बदलू नये. ज्या दिवशी तीन पार्सले परत आली आणि एका ग्राहकाने ग्रुपवर सर्वांसमोर वाईट लिहिले, त्या रात्री ‘उद्यापासून बंद’ असे ठरवू नये. तसेच, उत्साहाच्या भरात कुणी घाईने मोठी शपथ घेऊ लागला तर मार्गदर्शकाने त्याला आवरावे, असेही ते सांगतात. सणाच्या हंगामात दुप्पट विक्री झाली म्हणून पतपेढीचे कर्ज काढून घरभर साठा करणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते. सणाची लाट ओसरते, हप्ता ओसरत नाही.

दुसरी. ज्याला आपण कधी पाहिले नाही, अशा एका अनोळखी माणसाची कल्पना करा. त्याची परिस्थिती हुबेहूब तुमच्यासारखी आहे आणि त्याचे भले व्हावे असे तुम्हाला मनापासून वाटते. तुम्ही त्याला काय सल्ला द्याल? तोच सल्ला स्वतः पाळा. वरच्या बी. कॉम. मुलाला दुसऱ्याच्या बाबतीत उत्तर क्षणात सापडेल.

तिसरी गोष्ट तर व्यापाऱ्यांचीच आहे. तीन प्रकारच्या माणसांनी प्रत्येकी दहा हजार सोन्याची नाणी मिळवली आहेत, पण ती निव्वळ देवाच्या प्रेमासाठी मिळवलेली नाहीत, आणि त्या पैशाची ओढ मनावर ओझे झाली आहे. पहिला म्हणतो, ही ओढ सुटायला हवी, पण मरेपर्यंत त्यासाठी काहीच करत नाही. दुसऱ्याला ओढ सोडायची आहे, पण नाणी हातात ठेवूनच. म्हणजे देवाने त्याच्याकडे यावे, त्याने देवाकडे जायचे नाही. तिसरा ओढ अशी सोडतो, की नाणी ठेवणे किंवा टाकणे या दोहोंपैकी कशाचाच हट्ट उरत नाही. देवाच्या सेवेला जे अधिक बरे, ते तो करेल. इथे इग्नेशियस तिसऱ्याला धंदा सोडायला सांगत नाहीत, हे पाहण्यासारखे आहे. हात मोकळा झाला, एवढेच.

‘सध्या तरी’ म्हणणारे आपल्यातले बरेच जण पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारात बसतात, असे मला वाटते. ‘पाचारण’ हा शब्द आपण धर्मगुरू आणि धर्मभगिनींसाठी राखून ठेवला, हेही त्यामागचे एक कारण असावे. जो सेमिनरीत गेला त्याला देवाने बोलावले, आणि जो ड्रेस विकतो त्याला कुणीच बोलावले नाही, असे आपण मुलांना नकळत शिकवले.

लुदिया आणि ओमोबोनो

प्रेषितांच्या कृत्यांत (अध्याय १६) लुदिया भेटते. ती थुवतीरा गावची, जांभळे कापड विकणारी, आणि पौलाला भेटली फिलिप्पैमध्ये. थुवतीरा रंगकामासाठी प्रसिद्ध होते आणि फिलिप्पै तिथून समुद्रापलीकडे. म्हणजे ती एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणी विकत होती, असे मानायला जागा आहे. शब्बाथच्या दिवशी ती नदीकाठी प्रार्थनेला आली होती. दुकान त्या दिवशी थांबले होते, हे आमोसच्या व्यापाऱ्यांशेजारी ठेवून वाचावे. तिने ऐकले, घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला आणि पौल व त्याच्या सोबत्यांना आग्रह करून घरी नेले. तिने धंदा सोडला असे लूक लिहीत नाही. पुढे फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात (अध्याय ४) पौल कृतज्ञतेने सांगतो, की सुरुवातीच्या काळात त्याला पैशाची मदत केली ती याच एका मंडळीने. त्यात लुदियाचे नाव नाही. पण त्या मदतीत जांभळ्या कापडाचे काही पैसे असतील, असे मला नेहमी वाटत आले आहे.

इटलीतील क्रेमोना गावचे संत ओमोबोनो हे कापडाचे व्यापारी आणि शिंपी. वडिलांचा धंदा त्यांनी चालवला, संसार केला, गरिबांना सढळ हाताने दिले. १३ नोव्हेंबर ११९७ रोजी मिस्सा चालू असतानाच त्यांना देवाज्ञा झाली. जेमतेम चौदा महिन्यांत, जानेवारी ११९९ मध्ये, पोप इनोसंट तिसरे यांनी त्यांना संत घोषित केले. ना राजा, ना मठवासी, असा एक दुकानदार वेदीवर चढला, हे त्या काळी विशेषच होते.

जो मोती परत विकला नाही

एका दाखल्याकडे मात्र आपण विक्रेत्याच्या नजरेने कधी पाहिलेले नाही. मत्तय १३ मध्ये उत्तम मोत्यांच्या शोधात असलेला व्यापारी आहे. त्याला एक फार मोलाचा मोती आढळतो. तो आपले सर्वस्व विकतो आणि तो मोती विकत घेतो. दाखला तिथे संपतो. आता धंदा करणाऱ्या माणसाला हे खटकायला हवे. व्यापारी वस्तू घेतो ती विकण्यासाठी. याने सगळा साठा, भांडवल, कदाचित घरही विकून मोती घेतला. आता तो खाणार काय? मोती विकल्याशिवाय त्याच्या हातात काहीच नाही. आणि येशू त्या मोत्याच्या विक्रीविषयी एक अक्षर बोलत नाही. उभ्या आयुष्यात हजारो मोती त्याच्या हातांतून गेले. प्रत्येकाकडे पाहताना त्याच्या मनात एकच प्रश्न असे, याचे किती येतील? या एका मोत्यापाशी तो प्रश्न थांबला. हा विकायचा नाही. हेही ध्यानात ठेवावे, की तो मोती ओळखू शकला कारण तो मोत्यांचाच व्यापारी होता. वर्षानुवर्षे बरे-वाईट मोती हाताळून त्याची नजर तयार झाली होती. त्याचा धंदा त्याला त्या मोत्यापासून दूर नेत नव्हता, तिथवर घेऊन आला.

प्रत्येक घरात काही गोष्टी विकाऊ नसतात. त्या कोणत्या, हे एरवी कळत नाही. मोठी ऑर्डर आली आणि तिच्या आड काहीतरी आले की कळते. मुलीच्या पहिल्या कम्युनियनची सकाळ. आजारी आईच्या उशाशी बसण्याचा तास. एक ठरावीक खोटे, जे बोलले तर पाचशे रुपये सुटतात. ज्या गोष्टीपाशी तुम्ही ‘हे नाही’ म्हणालात, तिकडे तुमच्या जीवनाचे तोंड आहे. आणि कशाहीपाशी ‘हे नाही’ म्हणता आले नसेल, तर तेही कळायला हवे.

वहीतला एक रकाना

इग्नेशियस हे हिशेबी मनुष्य होते. एखादा विशिष्ट दोष काढायचा तर त्यांनी आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघा आखायला सांगितल्या आहेत. पहिल्या दिवसाची रेघ मोठी, पुढच्या लहान, कारण दोष कमी होत जावा ही आशा. दुपारी आणि रात्री तासातासाचा आढावा घ्यायचा आणि जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके द्यायचे. मग दुपारचे ठिपके रात्रीच्यांशी, आजचे कालच्यांशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा.

तुमच्याकडे हिशेबाची वही असेलच. नसेल तर एक शंभर पानी वही घ्या, कारण मोबाईलमधला हिशेब कुणी मागे जाऊन वाचत नाही. तारीख, वस्तू, मूळ किंमत, मार्जिन, परत आले की नाही, एवढे रकाने पुरेत. त्यांच्या उजवीकडे आणखी एक अरुंद रकाना आखा. रात्री प्रार्थनेआधी त्या दिवसाच्या प्रत्येक व्यवहारापुढे एक खूण करा. तो आठवून मन निवांत राहत असेल तर बरोबरची खूण, कोरडे होत असेल तर ठिपका. कारण लिहायची गरज नाही. खूण करताना स्वतःशी वादही घालू नये. पाच मिनिटांच्या वर वेळ लागू देऊ नका.

हे तीन महिने करा. त्यात एक हंगामाचा महिना आणि एक मंदीचा यावा. गणपतीपासून नाताळापर्यंतचा काळ धरला तर दोन्ही मिळतात. एका महिन्यात काही दिसत नाही. तीन महिन्यांनी सगळी पाने एका बैठकीत वाचा. ठिपके कुठे दाटले आहेत ते पाहा. ते एका ठरावीक मालापुढे आहेत, की एका ठरावीक ग्राहकापुढे, की रात्री दहानंतरच्या ऑर्डरींपुढे? मालापुढे असतील तर तो माल बंद करा. रात्रीच्या ऑर्डरींपुढे असतील तर वेळ ठरवा. सगळ्याच पानांवर सारखे पसरलेले असतील, अगदी नफ्याच्या दिवसांवरही, तर हे काम तुमचे नसण्याची शक्यता आहे आणि अर्ज लिहायला बसायची वेळ झाली आहे. आणि नफा थोडा असूनही पाने खुणांनी भरलेली असतील, तर पुढच्या नोंदणीच्या वेळी फॉर्मवर काय लिहायचे ते मला सांगावे लागणार नाही.

नवरा-बायको दोघे मिळून धंदा करत असतील तर खुणा वेगवेगळ्या शाईने कराव्यात आणि तीन महिने एकमेकांच्या पाहू नयेत.

ज्यांना वही घेऊन बोलायला यायचे असेल त्यांच्यासाठी दर शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेआधी एक तास मी कार्यालयात असेन. आकडे झाकून आणले तरी चालतील, मला शेवटचाच रकाना पाहायचा आहे. मोबाईल मात्र घरी ठेवून या.